डिस्क भरली? नवी घेण्याआधी हा हिशेब करा

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात कॉम्प्युटरवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना डिस्क भरल्याचा निरोप नेमका अडचणीच्या दिवसांत येतो. फोटो स्टुडिओला तो लग्नसराईत येतो, सेवा केंद्राला धानविक्रीच्या नोंदणीसाठी रांग लागलेली असताना येतो, राइस मिलच्या हिशेबनिसाला मार्चअखेर गाठतो. हातात वेळ नसतो, म्हणून माणूस टॉवर उचलून दुकानात नेतो. तिथे दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारा लागते, भाऊ,’ किंवा ‘नवी एसएसडी टाकून घ्या.’ पहिल्या उत्तराला तीनशे ते पाचशे रुपये लागतात आणि बॅकअप नसेल तर पाच वर्षांचे काम जाते. दुसऱ्याला चार-पाच हजार लागतात आणि वर्षभरात तीच तक्रार घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

ही दोन्ही उत्तरे कधी कधी बरोबरही असतात. पण ती देण्याआधी जागा गेली कुठे, हे कुणीतरी पाहायला हवे, आणि ते पाहायला एक पैसाही लागत नाही. बहुतेक वेळा डिस्क लहान नसतेच. तिची वाटणी चुकलेली असते. एका भागात पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारचा भाग रिकामा, अशी स्थिती असते. ही वाटणी नीट कशी करायची, त्याला किती खर्च येतो आणि कोणता खर्च टाळू नये, हे इथे सांगतो. दर अंदाजपत्रक करण्यापुरते धरावेत. २०२५ च्या अखेरीपासून एसएसडी आणि मेमरीचे भाव चढले आहेत, म्हणून खरेदीच्या दिवशी दोन दुकानांत विचारूनच पैसे मोजावेत.

आधी जागेचा माग काढा : खर्च शून्य

पहिला गैरसमज खोक्यावरच्या आकड्याचा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५ आणि २५६ जीबीची २३८. यात दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच फरक. त्यासाठी भांडण करून उपयोग नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघडले की कोणत्या प्रकारच्या फायलींनी किती जागा घेतली ते दिसते. तिथल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीतून विंडोज अपडेटचा उरलेला पसारा बिनधास्त काढता येतो. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ची चौकटही असते. सेवा केंद्रात लोकांचे सातबारा, दाखले, पावत्या बहुधा डाउनलोड्समध्येच पडून असतात. त्या चौकटीवर खूण करण्याआधी फोल्डर उघडून बघा, कारण तिथून गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

नवी आवृत्ती घेतल्यावर जुनी विंडोज वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. ती साधारण दहा दिवसांनी आपोआप जाते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. हायबरनेशनची फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा धरून बसते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. डेस्कटॉपला तिची गरज सहसा नसते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी प्रीमियरचा मीडिया कॅशे बघावा. तो मुळात सी ड्राइव्हवर साठतो, लग्नागणिक फुगतो आणि प्रोजेक्ट संपल्यावर त्याचा काही उपयोग नसतो. तो पुसता येतो आणि पुढचा कॅशे डी ड्राइव्हवर वळवताही येतो. कित्येक स्टुडिओंची निम्मी तक्रार या एका कामाने मिटेल.

स्कॅनिंग करणाऱ्यांनी रिझोल्यूशन बघावे. ६०० डीपीआयवर काढलेल्या पानात ३०० डीपीआयच्या पानापेक्षा चौपट ठिपके असतात. सरकारी पोर्टलवर चढवण्यासाठी पुढे ते पान दाबून लहानच करावे लागते. मग मूळ प्रत चौपट मोठी ठेवण्यात अर्थ नाही.

मिलमधल्या किंवा दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची डिस्क भरलेली दिसणे हा बिघाड नाही. डीव्हीआर जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहीत जातो, त्याचे कामच ते आहे. ‘डिस्क फुल झाली, बदलावी लागेल’ असे कुणी म्हटले तर किती दिवसांचे चित्रण मागे मिळते, ते आधी तपासा. पुरेसे दिवस मिळत असतील तर बदलू नका.

सी भरला, डी रिकामा

दुकानात विंडोज टाकताना ५१२ जीबीच्या एसएसडीचे १०० जीबीचा सी आणि उरलेल्या ३७६ जीबीचा डी असे दोन भाग करण्याची पद्धत जुनी आहे. फॉरमॅट मारला तरी डीवरचा डेटा वाचावा, हा तिच्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि तीन वर्षांचे अपडेट मिळून शंभर जीबी सहज खातात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हेही सीवरच. डी अर्धा रिकामा असताना कॉम्प्युटर अडतो तो असा.

यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे सीमा न हलवता सामान हलवणे. डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन उघडा, तिथे डी ड्राइव्हवरचे नवे फोल्डर निवडा. विंडोज स्वतःच सगळ्या फायली तिकडे नेते आणि पुढच्या फायलीही तिथेच ठेवते. डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओ यांचेही तसेच. खर्च शून्य, वेळ तासभर. माझे ठाम मत आहे की सी भरलेल्या प्रत्येकाने आधी हेच करावे आणि न भागल्यासच पुढे जावे.

पुढचा उपाय सीमा हलवण्याचा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय असतो, पण तो बऱ्याचदा पुसट दिसतो आणि दाबताच येत नाही. कारण साधे आहे. सीला वाढायला त्याच्या लगेच उजवीकडे वाटणी न झालेली जागा लागते. डी आकसून जागा काढली तर ती डीच्या पलीकडे निघते, सीला लागून नाही. काही कॉम्प्युटरवर मध्ये रिकव्हरीचा छोटा भागही असतो. म्हणून हे काम करण्याचे दोन रस्ते आहेत. डीवरचे सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवा, डी काढून टाका, सी वाढवा, उरलेल्या जागेत डी पुन्हा बनवा आणि डेटा परत आणा. किंवा जीपार्टेडसारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डी सरकवा. दुसरा रस्ता सुटसुटीत वाटतो, पण डी सरकत असताना वीज गेली तर डेटा मध्येच तुटतो. एप्रिल-मेच्या वावटळीत आणि पहिल्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे आमगावकरांना सांगायला नको. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करू नये आणि दुकानदारालाही करू देऊ नये.

हात लावण्याआधी बिटलॉकर बघा. विंडोज ११ च्या नव्या कॉम्प्युटरांवर डिस्क बहुधा कुलूपबंद होऊनच येते आणि मालकाला ते माहीतही नसते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून उतरवून कागदावर लिहून ठेवा, मग बिटलॉकर तात्पुरते थांबवा आणि त्यानंतरच वाटणी बदला. की नसेल तर पैसे मोजूनही डेटा परत मिळत नाही.

दुकानात हे काम करून घेतल्यास पाचशे ते हजार रुपये रास्त आहेत. यात डेटा उतरवून परत ठेवण्याची मेहनत धरली आहे. कुणी दोनशेत करून देतो म्हणाला, तर बॅकअप घेणार आहे का, ते आधी विचारा.

जागा आहे, पण लिहिता येत नाही

आता लिनक्सवरच्या ज्या तक्रारीने शहाणीसुरती माणसेही गोंधळतात, तिच्याकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार बंद केला. विंडोज ११ न चालणारे जुने कॉम्प्युटर फेकून देण्याऐवजी लिनक्सवर नेणे हा चांगला, पैसे वाचवणारा निर्णय आहे आणि शिकवणी वर्गांनी, शाळांनी तो जरूर घ्यावा. मात्र लिनक्सची कोणती आवृत्ती घेतली त्यावर डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवण्याची पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम, ठरते. उबंटू आणि मिंट मुळात एक्सट४ ही फाइलसिस्टिम देतात. फेडोराने ऑक्टोबर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपला बीटीआरएफएस दिली, ओपनसुसेने तर २०१४ पासूनच. ही फाइलसिस्टिम ख्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना २००७ मध्ये सुरू केली आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. ती चांगली आहे. पण तिच्यात जागेचा हिशेब दोन टप्प्यांत होतो, आणि तो ज्याला माहीत नाही तो विनाकारण नवी डिस्क विकत घेतो.

धानाच्या गोदामाचे उदाहरण घ्या. गोदामात धान सुटे ओतत नाहीत, पोत्यात भरतात. बीटीआरएफएसही डिस्कवर आधी पोते मांडते आणि मग त्यात माल भरते. या पोत्याला चंक म्हणतात. फायलींच्या मजकुराचा, म्हणजे डेटाचा चंक साधारण १ जीबीचा असतो. कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदींचे, म्हणजे मेटाडेटाचे चंक वेगळे. एका प्रकारच्या पोत्यात दुसरा माल जात नाही. फायली पुसल्या की पोती अर्धी-पाव रिकामी होतात, पण जमीन अडवून उभीच राहतात. पूर्ण रिकामे झालेले पोते आताची लिनक्स स्वतःच उचलते, अर्धवट भरलेले मात्र नाही. एक दिवस असा येतो की गोदामात धान कमी आहे, पण जमीन सगळी पोत्यांनी भरलेली आहे. त्याच वेळी नोंदींचे पोते भरते, नवे मांडायला जागा नसते आणि कॉम्प्युटर सांगतो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.’ फाइल मॅनेजर कधी भरपूर जागा मोकळी दाखवतो, कधी एकदम शून्य.

खरा हिशेब बघायला टर्मिनलमध्ये ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज’ ही कमांड रोमन अक्षरांत द्यावी लागते, सुरुवातीला ‘सुडो’ आणि शेवटी एक तिरकी रेघ. समजा २५६ जीबीच्या एसएसडीवर, बूटचे भाग वगळून, तिने हे दाखवले : डिव्हाइस साइज २३६, अलोकेटेड २३६, अनअलोकेटेड अवघा १ एमबी. खाली डेटासाठी २३२ राखलेले, त्यातले १६८ वापरलेले. मेटाडेटासाठी दोन प्रती मिळून ४ राखलेले आणि ते जवळपास भरलेले. २३२ वजा १६८ म्हणजे ६४ जीबी डेटाच्या अर्धवट चंकांत अडकलेले आहेत. दुकानातला माणूस एवढे वाचणार नसेल, तर तो पाचशे जीबीची नवी एसएसडी सुचवेल. तुम्हाला मात्र ६४ जीबी फुकटात परत मिळवायचे आहेत.

त्यासाठी बॅलन्स ही क्रिया आहे. अर्धवट पोती एकमेकांत ओतून भरायची आणि मोकळी झालेली उचलायची, एवढेच ती करते. ती सरसकट चालवू नये. बॅलन्सच्या कमांडमध्ये ‘डीयूसेज’ नावाची चाळणी असते. तिला १० दिले तर दहा टक्क्यांपर्यंत भरलेले चंकच हलतात. सुरुवात १० ने करा, मग ३०, मग ५०. दर वेळी यूसेज बघा आणि अनअलोकेटेड जागा पाच-दहा जीबी झाली की थांबा. मेटाडेटाला बॅलन्स लावू नका. त्याचे रिकामे चंक पुढे कामाला येतात, ते आज काढून टाकले तर हीच अडचण लवकर परत येते. चाळणीशिवाय पूर्ण डिस्क बॅलन्स करा असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. मोठ्या हार्ड डिस्कवर त्यात दिवस जातो, एसएसडीवर फुकटची झीज होते आणि हाती जास्त काही लागत नाही.

ओतायलाही थोडी जमीन मोकळी लागते. ती अजिबात नसेल तर बॅलन्ससुद्धा जागा नाही म्हणून अडतो. अशा वेळी आधी शून्याची चाळणी लावून बघा. ते न झाल्यास १६ जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह, चारशे-पाचशे रुपयांचा, ‘डिव्हाइस अॅड’ने तात्पुरता जोडता येतो. बॅलन्स झाला की ‘डिव्हाइस रिमूव्ह’ करून, ती कमांड पूर्ण संपल्यावरच तो काढायचा. मध्येच ओढला तर अख्खी फाइलसिस्टिम जाते. पेन ड्राइव्हवर त्या वेळी तुमचा माल असतो. म्हणून हा मार्ग बॅकअप घेतल्यानंतरचा, आणि जुना घासलेला पेन ड्राइव्ह यासाठी वापरायचा नाही.

वीज गेली तर? बॅलन्सच्या बाबतीत भीती कमी आहे. बीटीआरएफएस जुनी प्रत पुसण्याआधी नवी प्रत दुसरीकडे लिहिते, त्यामुळे मध्येच बंद पडलेला बॅलन्स पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर तिथून पुढे चालू होतो. तो थांबवता येतो, रद्दही करता येतो. पार्टिशन सरकवण्यापेक्षा हे काम किती तरी सुरक्षित आहे. तरीही लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या.

बॅलन्स करूनही जागा निघत नसेल तर स्नॅपशॉट तपासा. ओपनसुसेमध्ये स्नॅपर, इतरत्र टाइमशिफ्ट ही साधने जुन्या स्थितीचे स्नॅपशॉट धरून ठेवतात. स्नॅपशॉटमध्ये असलेली फाइल तुम्ही पुसली तरी जागा सुटत नाही. जुने स्नॅपशॉट काढा, मग थोड्या वेळाने हिशेब बघा. जागा सुटायला काही मिनिटे लागतात.

उबंटू-मिंटवाल्यांना बॅलन्सची गरज नाही, पण त्यांच्यासाठीही फुकटातली एक गोष्ट आहे. एक्सट४ मुळात पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, राखून ठेवते. १ टीबीच्या निव्वळ साठवणीच्या डिस्कवर हे सुमारे ५० जीबी होतात. अशा डिस्कवर, आणि फक्त अशाच, ‘ट्यून२एफएस’ने ही राखीव जागा एक टक्क्यावर आणता येते. चाळीस जीबी मिळतात. लिनक्स ज्या भागावर आहे तिथे मात्र ती राहू द्या. डिस्क काठोकाठ भरली तरी कॉम्प्युटर सुरू होतो तो त्याच जागेमुळे.

नवी डिस्क जोडली, तरी जागा मिळत नाही

एका डिस्कने भागत नाही म्हणून काही स्टुडिओंत दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवण्याची, म्हणजे रेड१ ची मांडणी असते. बीटीआरएफएसमध्ये २ टीबीच्या दोन डिस्क अशा जोडल्या तर वापरायला २ टीबी मिळते. ती भरत आली म्हणून तिसरी २ टीबीची डिस्क घातली, तर तीन टीबी मिळायला हवेत. पण लगेच मिळत नाहीत. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर जायला हव्यात, आणि जुन्या दोन्ही डिस्क भरलेल्या असतील तर मोकळी डिस्क एकच उरते. नवी कोरी डिस्क आत असूनही ‘जागा नाही’ हाच निरोप. ग्राहकाला वाटते डिस्क खराब निघाली, दुकानदार ती बदलून देतो आणि काहीच फरक पडत नाही. खरे काम बॅलन्सचे असते : जुन्या डिस्कांवरचे काही चंक नव्या डिस्कवर नेले की तिन्हींवर जागा मोकळी होते. हार्ड डिस्कांवर याला एक-दोन दिवसही लागतात. मध्ये थांबवून रात्री पुढे चालवले तरी चालते.

बीटीआरएफएसमध्ये रेड५ आणि रेड६ ची मांडणी कुणी सुचवली तर नाही म्हणा. खुद्द बनवणाऱ्यांनीच ती रोजच्या कामासाठी वापरू नये असे लिहून ठेवले आहे. सिनॉलॉजीच्या नास पेट्यांतही, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कांच्या पेट्यांतही, बीटीआरएफएस असते, पण तिथे डिस्कांची जोडणी वेगळ्या थरात होते. तिथे टर्मिनलमधून काही न करता त्यांच्या स्टोरेज मॅनेजरमधूनच डिस्क वाढवा. दोन डिस्कांची चांगली नास पेटी डिस्क न धरता वीस हजारांच्या घरात जाते. एकट्याच्या स्टुडिओला ती घेण्याआधी मी बॅकअपच्या दोन साध्या डिस्क घ्यायला सांगेन.

टाळू नये असा एकच खर्च

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेडमध्ये दोन्हीकडून एकाच वेळी जाते. वर सांगितलेल्या कुठल्याही कामाआधी, मग ते फुकटातले असो की हजाराचे, वेगळ्या डिस्कवर प्रत हवी. १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क साडेचार-साडेपाच हजारांना, २ टीबीची सहा-सात हजारांना मिळत आली आहे. चढत्या भावात त्यावर आणखी काही जोडून धरा. क्लाउडवर १०० जीबीसाठी गुगल महिन्याला १३० रुपये घेते, वर्षाचे एकदम भरले तर १,३००. कागदपत्रांना, हिशेबाला एवढे पुरते. लग्नांच्या व्हिडिओंना पुरत नाही, आणि ते आपल्या इंटरनेटवरून चढवणेही सोपे नाही.

वेळेचा हिशेबही ठेवा. शंभर एमबी प्रतिसेकंद या वेगाने १ टीबी उतरायला पावणेतीन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर आठ तास. टॉवरच्या मागे बहुधा निळ्या रंगाचे पोर्ट असतात, ते वापरा. कॉम्प्युटर शंभर वॅट घेत असेल तर दहा तासांना वीज एक युनिट. मे महिन्यात हे काम रात्री लावा. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी बंद खोलीत हार्ड डिस्क तासन् तास पळवणे तिच्या तब्येतीला बरे नाही.

प्रत घेण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची तब्येत बघा. निळे ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळे ‘कॉशन’ दिसले तर बॅलन्स नको, पार्टिशन नको, डीफ्रॅग तर नकोच. जे महत्त्वाचे आहे ते आधी उतरवून घ्या आणि डिस्क बदला. नवी डिस्क घेणे बरोबर ठरते ते अशा वेळी, किंवा सगळा पसारा काढूनही जेमतेम दहा टक्केच जागा मोकळी राहत असेल तेव्हा. २०२४ मध्ये ५०० जीबीची साटा एसएसडी तीन हजारांच्या आसपास मिळत होती. आता त्याहून जास्त धरा, आणि जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे उतरवण्याचे पाचशे ते हजार.

हा खर्च टाळला तर पुढचा आकडा डेटा रिकव्हरीचा असतो. डिस्क शाबूत असून फायली गेल्या असतील तर पाच ते दहा हजार. आतला यांत्रिक भाग बिघडला असेल तर पंधरा हजारांपासून पुढे, तेही बाहेरगावी पाठवून आणि फायली मिळतीलच अशी खात्री नसताना. टकटक आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात काहीतरी कायमचे जाते.

ऑनलाइन हजार-दीड हजारात ‘१६ टीबी एसएसडी’ विकायला असते. ती खोटी असते. आत लहानसे कार्ड असते आणि कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगणारी बनवाबनवी. पहिल्या काही जीबीनंतर फायली लिहिल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. अनोळखी ब्रँडची कोणतीही डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घेतला की परत करण्याची मुदत संपण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ ने पूर्ण भरून तपासा. दोन्ही मोफत आहेत.

दुकानात देताना

पावती घ्या. कॉम्प्युटर देताना पावतीवर डिस्कचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, काय काम सांगितले ते लिहून घ्या, आणि ‘डेटा पुसायचा नाही’ हे शब्द स्वतः सांगून लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी परत मागा. ती तुमची आहे आणि तिच्यावर तुमच्या ग्राहकांचे आधार कार्ड, बँकेची पासबुके, घरातले फोटो आहेत. नव्या डिस्कच्या बिलावर सिरियल नंबर हवा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी अडचण येते. डिस्कवर आणि दुरुस्तीवर जीएसटी १८ टक्के आहे, पण जीएसटी क्रमांक नसलेल्या दुकानाला तो लावता येत नाही. बिलावर क्रमांक नसेल आणि कर लावला असेल तर तिथेच विचारा.

बिल मागायला संकोच नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे हीही त्याच व्याख्येत येते, म्हणजे तुमच्या डिस्कवरचे फोटो कुणी बाहेर दिले तर तक्रारीला जागा आहे. माल मुंबईहून ऑनलाइन मागवला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे गोंदियाच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते.

आयोगापर्यंत जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. फोन करताना बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा.